झोळीतले दोनशे ग्रॅम

माझी पहिली नोकरी लेकरं मोजायची होती. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून तुम्हीही आधी हसून घ्या. मी बी.एस्सी. झाले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, आणि आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच. वडील सेनगावला शाळेत शिपाई होते. पोरगी बँकेत लागेल, पंख्याखाली बसेल, असं त्यांच्या मनात होतं. मी लागले ती बाहेरगावच्या एका मेडिकल कॉलेजच्या संशोधनात, तेही करारावर. काम काय, तर खांद्याला काटा अडकवून वाड्यावस्त्यांवर हिंडायचं आणि सहा महिन्यांपासून पुढच्या लेकरांची दर महिन्याला वजनं घ्यायची. आई म्हणाली, "एवढं शिकून हेच व्हय? काटा तर भंगारवाल्याकडं बी असतोय."

संशोधन साधंच होतं. गहू, हरभरा आणि शेंगदाणे भाजून दळलेलं पीठ लेकरांना रोज खाऊ घातलं तर त्यांचं वजन किती वाढतं, हे बघायचं होतं. काही गावांना पीठ लगेच मिळणार होतं, काहींना वर्षानंतर. मला तेव्हा हा अन्यायच वाटला. पीठ चांगलंच आहे तर सगळ्यांना एकदम द्या की, असं मी पहिल्याच बैठकीत ताडकन बोलून बसले. माझा स्वभावच तसा, मनातलं तोंडात यायला वेळ लागत नाही. समोर बसलेले एक सर शांतपणे म्हणाले, "लेकरं पिठाशिवायही वाढतात. मग वाढलेल्यातलं पिठामुळं किती, ते कसं कळणार? पीठ न खाणारी लेकरं शेजारी ठेवून बघावंच लागेल. आणि ते चांगलंच आहे हे तुला आधीच कसं माहीत?" मला त्यांचा रागच आला, आणि तो पुढे बरेच दिवस टिकला.

या सरांना आम्ही आपापसांत आकडेवाले सर म्हणायचो. संशोधनाचे प्रमुख मोठे डॉक्टर होते, ते दोन महिन्यांतून एकदा गाडीनं यायचे. आकडेवाले सर एसटीनं यायचे. अंगानं किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत दोन किलोचं लोखंडी वजन. किराणा दुकानात असतं तसलं, शिक्का मारलेलं. ते घेऊन हा माणूस गाड्या बदलत कसा यायचा, ते त्यालाच माहीत.

त्यांनी मला शिकवलं ते कनेरगाव नाक्याच्या एका धाब्यावर. हिंगोलीची गाडी चुकली होती आणि पुढची यायला वेळ होता. सरांनी धाब्याच्या खांबाला काटा टांगला, त्याला आपली पिशवी अडकवली आणि म्हणाले, "दहा वेळा मोज. दर वेळी पिशवी काढायची, पुन्हा अडकवायची, आकडा लिहायचा." धाब्यावरचे ट्रकवाले चहा पीत आमची गंमत बघत होते. पहिल्या वेळेला तीन किलो चारशे भरलं. दुसऱ्या वेळी सुई एक रेघ वर. तिसऱ्या वेळी पुन्हा खाली. मला वाटलं, आपल्यालाच नीट जमत नाही. म्हणून पुढचे सगळे मी तीन चारशेच लिहून टाकले.

सरांनी कागद बघितला. "सात वेळा सारखंच? तू काटा बघत होतीस की वरचा आकडा?"

मी पुन्हा काट्याकडे बघितलं.

"मोजमाप थोडं हलतंच," ते म्हणाले. "वारा असतो, सुई असते, आपला डोळा असतो. म्हणून तर पुन्हा पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची. पण एखादं मोजमाप जराही हलत नसेल, तर कुणीतरी ते धरून ठेवलंय असं समज."

त्या दिवशी त्यांनी चार नियम सांगितले. रोज सकाळी लेकरू ठेवायची झोळी रिकामीच अडकवून सुई शून्यावर आणायची आणि मग दोन किलोचं वजन टांगून काटा तपासायचा. एकेका लेकराचं वजन मी एकदा वाचायचं आणि गावच्या अंगणवाडीच्या बाईंनी एकदा, एकमेकींचा आकडा न बघता. मागच्या महिन्याचा आकडा आधी उघडायचा नाही, नाहीतर हात आपोआप त्याच्याच आसपास लिहितो. आणि कोणत्या गावाला पीठ मिळतं हे विचारायचं नाही, म्हणजे आपल्याकडून कुणाला झुकतं माप जाणार नाही. पहिले तीन मी प्राणपणानं पाळले. चौथ्याचं काय सांगावं! गावात पाय ठेवल्या ठेवल्या बायाच सांगायच्या, "ताई, तुमचं पीठ लई झ्याक हाय, म्हातारा बी खाऊन राहिला." मी कानांवर हात ठेवायचे. त्या बायांना वाटायचं, ताईचे कान दुखतात.

सगळ्या गावांमध्ये माझी आवडती होती सेनगावपलीकडच्या माळावरची मेंढपाळांची वस्ती. वीसेक घरं, शेरडं-मेंढरं, थोडी कोरडवाहू तूर आणि सोयाबीन. वस्तीच्या तोंडाशी एक कडुनिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला आम्ही काटा टांगायचो. लेकरू रडू नये म्हणून आईनंच ते झोळीत ठेवायचं, आम्ही दोघींनी पाळीपाळीनं बघून लिहायचं आणि मग आईनंच उचलून घ्यायचं, असा रिवाज होता. अंगणवाडीच्या बाई चाळिशीच्या, ठसकेबाज. रांगेत भांडण झालं तर त्या नुसत्या बघायच्या आणि भांडण मिटायचं.

रांगेत सगळ्यात आधी एक मावशी असायच्या. वय साठीच्या पुढं, हातात चांदीचं कडं, कमरेला पानसुपारीची चंची. त्यांची सून मेंढरांमागं गेलेली असली की नातीला त्याच घेऊन यायच्या. नात सात महिन्यांची, बारीक चणीची, डोळे मात्र टपोरे. काटा टांगला की ती झोळीतून माझ्याकडे टक लावून बघायची, रडायची नाही. मावशींना दात थोडे आणि बोलणं फार. त्या म्हणायच्या, "तुमी काट्यानं मोजता, आमी हातानं मोजतो. बाजारात कोकरू उचललं की मी सांगती किती भरंल." मी हसायचे. एकदा गमतीनं मी त्यांना दोन किलोचं वजन उचलायला दिलं. त्या म्हणाल्या, "हे दोनाचं हाय, त्यात काय इचारायचं?"

पहिले दोन महिने सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या महिन्यात मी वजनं घेतली, दोन्ही वाचनं वहीत चढवली, मग नियमाप्रमाणं मागचे आकडे उघडले आणि हरखूनच गेले. वस्तीतलं एकूण एक लेकरू चांगलं वाढलं होतं. नातसुद्धा. आधी सहा किलो दोनशे होती, आता सहा तीनशे. बाईंचं आणि माझं वाचन रेघेवर रेघ जुळत होतं. मी त्या दिवशी सेनगावला आल्यावर घरी जिलेबी घेऊन गेले.

चौथ्या महिन्यात वस्तीची वाढ जरा मंदावली. नात सहा दोनशे भरली, म्हणजे मागच्यापेक्षा एक रेघ खाली. मावशींनी तिला झोळीतून उचललं, दोन्ही हातांवर तोललं आणि म्हणाल्या, "ताई, पोरगी हलकी लागून राहिली. मागच्या बारीला बी लागली व्हती."

"मागच्या महिन्यात तर वाढली होती, मावशी. हे बघा कार्ड."

"कारडावर वाढली आसंल. हाताला लागत न्हाई."

"काटा खोटं बोलत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी अगदी सहज बोलले. आमचा नियम असा होता, की लेकराचं वजन लागोपाठ दोन महिने घटलं तर त्याला ताबडतोब हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं. नातीचं एकाच महिन्यात घटलं होतं, तेही नावापुरतं. "पुढच्या महिन्यात बघू," असं सांगून मी काटा उतरवला. मावशी पोरीला पदराखाली घेऊन निघून गेल्या.

त्याच आठवड्यात आकडेवाले सर सेनगावला आले. आमच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी जमिनीवर वह्या पसरल्या, आलेखाच्या कागदावर गावागावाची लेकरं टिंबांनी मांडली, आणि बराच वेळ एकाच कागदाकडे बघत राहिले. तो माझ्या आवडत्या वस्तीचा होता.

"इथं तिसऱ्या महिन्यात काय झालं?"

"वाढली, सर. सगळी वाढली."

"तेच म्हणतोय. सगळी कशी वाढली? बाकीच्या गावांमध्ये बघ. एखादं लेकरू आजारी पडतं, कुणाला दात येतात, कुणी मामाच्या गावाला जाऊन बारीक होऊन येतं. चार वर जातात, एक खाली. इथं एकही खाली नाही. ही लेकरं आहेत की कवायतीला उभे केलेले शिपाई?"

"पण बाईंचं आणि माझं वाचन तंतोतंत जुळतंय."

"जुळणारच. दोघींनी सुई नीट वाचली एवढंच त्यातनं कळतं. स्टँडवरची दोन घड्याळं दहा-दहा मिनिटं पुढं असली तर ती एकमेकांशी जुळतातच की. म्हणून एसटी लवकर सुटते का?"

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हे मला खोटारडी म्हणताहेत, घरबसल्या आकडे भरणारी. उन्हातान्हात पायाला फोड येईपर्यंत मी चालले होते. मी तसं म्हटलंही, आवाज चढवून, आणि बोलता बोलता रडायला लागले. सरांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "तू खोटं लिहिलंस असं मला वाटलं असतं, तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. मी तुलाच पाठवणार आहे. उद्या जा. वजन बाईंना करू दे. तू लिहू पण नकोस. नुसती बस आणि सगळ्यांच्या हातांकडे बघ."

दुसऱ्या दिवशी मी कडुनिंबाखालच्या दगडावर हात बांधून बसले. बायांना सांगितलं, एकदा फेरतपासणी आहे. बाईंनी शून्य केलं, दोन किलो टांगून दाखवलं, काटा चोख होता. पहिलं लेकरू गेलं. दुसरं गेलं. मी लेकराकडे न बघता आयांच्या हातांकडे बघत होते. चार महिन्यांत मी ते कधी केलं नव्हतं, माझी नजर सदा सुईवर. आई लेकराला उचलून घ्यायची, वळायची आणि रांगेतल्या पुढच्या बाईच्या पदराला तिचा हात लागायचा. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी उठले आणि तो हातच धरला.

फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता होता. जुना, लोखंडी, सुपारी कातरून मुठीशी गुळगुळीत झालेला. मावशींचा.

मी अशी ओरडले, की मेंढरंसुद्धा पांगली असतील. काय चाललंय हे, लेकरांच्या वजनात लोखंड घालता, माझी नोकरी खाता का, असं काय काय बोलले. बाई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. मावशी तेवढ्या पुढं आल्या.

"वरडता काहून, ताई? लोखंड संगं असलं म्हंजे लेकराला काही शिवत न्हाई. पाळण्यात बी ठेवतो आमी. तुमी तर झाडाला टांगता, समद्यांच्या डोळ्यांम्होरं. दुसऱ्या बारीला वजन केलं अन् त्या पल्याडच्या घरच्या पोराला ताप भरला. तवापासून ठेवून राहिलो. समद्यांकडं अडकित्ता न्हाई, म्हून माझाच फिरवितो."

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं न्हाई. अन् सांगितलं असतं तर हसल्या असत्या तुमी."

हसले असते, हे खरंच होतं. आमचं घर बौद्ध, वडिलांनी नजर, दृष्ट, उतारे या सगळ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण त्या अभिमानाच्या भरात मी चार महिने वस्तीवर येत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं, की लेकरू असं झाडाला टांगलेलं बघून तुम्हाला काय वाटतं? मला त्या बायांची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली.

मी अडकित्ता झोळीत ठेवला. सुई दोन रेघा वर गेली. दोनशे ग्रॅम. काटा बरोबर, वाचन बरोबर, आणि दोन महिने वस्तीतल्या सगळ्या लेकरांचं वजन चूक.

सर म्हणायचे की सुई थरथरल्यामुळं होणारी चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि पुष्कळ वेळा मोजलं की ती बरीचशी फिटते. पण एकाच बाजूला ढकलणारी चूक शंभरदा मोजूनही तशीच राहते. हे मी परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं होतं. त्या सकाळी ते पहिल्यांदा कळलं, कारण मनातल्या मनात मी नातीच्या आकड्यांतून दोनशे वजा करत होते. दुसऱ्या महिन्यात अडकित्ता नव्हता, सहा दोनशे. तिसऱ्या महिन्याचे सहा तीनशे म्हणजे सहा शंभर. चौथ्याचे सहा दोनशे म्हणजे सहा.

लागोपाठ दोन महिने घटली होती.

"मावशी, नात कुठंय?"

"घरी हाय. आईपाशी. कालच्याधरनं दूध वढंना नीट, म्हून आणली न्हाई."

मी तिथंच त्यांना सांगितलं, जसं आलं तसं. की अडकित्त्याचे दोनशे काढले तर पोरगी वाढलेली नाही, सारखी घटतेय. त्यांनी दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हाताला लागत व्हतं ते बराबर व्हतं?"

"बराबर होतं. माझा काटा चुकला."

"काटा न्हाई. माझा अडकित्ता." आणि ती एवढी बोलकी बाई मटकन खाली बसली. लेकराला राखायला ठेवलेलं लोखंडच आडवं आलं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, तुम्ही मला सांगितलं होतं, दोन बाऱ्या हलकी लागतेय म्हणून, मीच ऐकलं नाही. ते खरं होतं. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही, पण त्या उठल्या.

घरी गेलो तर पोरगी आईच्या मांडीवर होती, डोळे अर्धवट मिटलेले, आणि पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. बाईंनी रस्त्यावर जाऊन जीप थांबवली. सेनगावपासून हिंगोलीपर्यंत मावशी पोरीचे तळपाय चोळत होत्या. सून मधूनमधून पोरीच्या गालाला बोट लावून बघायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी पोरीला उघडं केलं, हातातलं घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसते तिचे श्वास मोजत राहिले. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आम्ही चौघीजणी श्वास धरून त्यांच्याकडे बघत होतो. मग ते म्हणाले, छाती भरलीय, रक्त कमी आहे, भरती करा. मावशींनी विचारलं, "वाचंल ना, डाक्टरसाहेब?" ते म्हणाले, "आज सांगता येत नाही. दोन दिवस जाऊ द्या." मला त्यांचा त्या क्षणी रागच आला, खोटं का होईना हो म्हणायला काय जात होतं, असं वाटलं. आता वाटतं, त्यांनी आम्हाला मान दिला.

आकडेवाले सर दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात आले. बाहेरच्या बाकावर मावशींच्या शेजारी बसले. मी ठरवलंच होतं की आज नोकरी जाणार, तेव्हा लपवायचं काय. सगळं सांगितलं. अडकित्ता, माझं ओरडणं, आणि काटा खोटं बोलत नाही हे वाक्यसुद्धा. सरांनी नुसतं विचारलं, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कोणत्या घरांत. मग मावशींकडे वळून म्हणाले, "तुम्हाला पोरगी हलकी लागली, तेव्हाच ते लिहून घ्यायला पाहिजे होतं. आमच्या वहीत त्याला जागाच नव्हती. वही मी आखली होती. ती चूक माझी."

मावशींना वही आखणं काय ते कळलं नसेल. पण शिकलेला, पिकल्या केसांचा माणूस आपल्याशेजारी बसून चूक कबूल करतोय, एवढं त्यांना नीट कळलं. त्यांनी चंचीतून सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. सर सुपारी खात नसत. त्या दिवशी त्यांनी खाल्ली.

पुढे त्यांनी वस्तीवर येऊन एकेका आईला विचारलं, तुमच्या लेकराच्या वेळी अडकित्ता होता का? ज्यांना नक्की आठवत होतं, त्यांच्या आकड्यांतून दोनशे वजा केले. दोघीजणींना आठवेना. मी म्हणाले, होताच असणार, करून टाका वजा. सर म्हणाले, "असणार म्हणजे आहे नव्हे. ती जागा रिकामी सोड आणि का सोडली ते खाली लिही." हे सगळं झाल्यावर पिठाचा फायदा आधी दिसला होता त्याहून कमी दिसायला लागला, कारण वस्ती पिठाच्या गावांपैकी होती. मोठ्या डॉक्टरांना पाठवलेल्या कागदात सरांनी अडकित्त्याची हकीकत जशीच्या तशी लिहिली. दडपली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यात माझ्याकडे बोट दाखवणारं एक वाक्य मी शोधत होते, ते नव्हतं. उलट पुढच्या महिन्यापासून वहीत एक नवा रकाना आला: घरच्यांना लेकरू कसं वाटतं?

तो रकाना मी पुढची कितीतरी वर्षं भरला. हिंगोली जिल्हा झाला, आकडे आपोआप दाखवणारे काटे आले, मी दुसऱ्या संशोधनांमध्ये गेले, रक्तदाब मोजला, उंची मोजली, मग नव्या पोरींना मोजायला शिकवायला लागले. त्यांना मी पहिल्या दिवशी काही मोजू देत नाही. नुसतं बसवते, हातांकडे बघायला. त्या कंटाळतात, माझ्या पाठीमागं मला नावं ठेवतात, ते मला माहीत आहे. मला जे काही येतं ते त्या किडकिडीत माणसानं आणि त्या वस्तीवरच्या बायांनी दिलेलं आहे. सरांचे आभार मी एकदा पत्रानं मानले होते. मावशींचे मानायला गेले, तेव्हा त्यांनी मला ताक पाजलं आणि काहून आभार, असं विचारलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातून दहा दिवसांनी नात घरी आली. औषधं चालू होती, खाणं हळूहळू सुरू झालं होतं. महिना उलटल्यावर आम्ही पुन्हा कडुनिंबाखाली काटा टांगला. लोखंडाचा प्रश्न बाईंनी परस्परच सोडवला होता. त्यांनी बायांना काट्याची वरची कडी दाखवली आणि म्हणाल्या, "ही बघा, कडी लोखंडाची हाय. लेकरू लोखंडालाच तर टांगलंय, आणखी काय पायजे?" बायांनी कडीला हात लावून बघितला आणि मान्य केलं.

मावशी रांगेत शेवटी उभ्या राहिल्या होत्या. कधी नव्हे ते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पोरीला झोळीत ठेवलं आणि सुईकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी वाचलं. बाईंनी वाचलं. आम्ही दोघींनी आपापल्या कागदावर लिहिलं आणि मग कागद जुळवले. सहा किलो पाचशे.

"वाढली, मावशी. साडेसहा भरली."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला उचलून सुनेच्या हातात दिलं. झोळी काट्यावरून काढली, उलटी केली, दोन वेळा झटकली. कमरेची चंची सोडून जमिनीवर पालथी केली, सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू, सगळं मातीत पडलं. हातातलं चांदीचं कडं काढून बाईंकडं दिलं. मग सुनेकडून पोरीला घेतलं, तिच्या अंगावरचं झबलं उतरवलं, आणि तिला पुन्हा झोळीत ठेवून स्वतः चार पावलं मागं सरकल्या. दोन्ही हात वर केले, रिकामे, सगळ्यांना दिसतील असे.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

सुई हलली, थरथरली, थांबायला वेळ लागला. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी बाईंना आधी वाचू दिलं, मग डोळे पुसून मी वाचलं. झबल्याची एक रेघ खाली आली होती, एवढंच. सहा चारशे.

"किती?"

"सहा चारशे, मावशी. आजारात सहा होती."

त्यांनी पोरीला झोळीतून काढलं आणि दोन्ही हातांवर तोलून धरलं, बराच वेळ. मग त्यांनी मान हलवली.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "आता लिव्हा."